फाटलेली बाही

"गिऱ्हाईकाशी हुज्जत घालायची नाही, पोरी. चूक आपलीच म्हणायची, म्हणजे ते पुन्हा आपल्याकडेच येतं." वडील जाऊन किती वर्षं झाली, पण मशीनवर पाय टेकला की शिंपिणीच्या कानात त्यांचा आवाज घुमायचाच.

म्हणून आजही ती मान खाली घालून ऐकत होती. तिचं नेहमीचं गिऱ्हाईक बायकोचा ड्रेस नाचवत चारचौघांदेखत ओरडत होतं, "पुन्हा बाही फाटली! शिवतेस की थुंकी लावून चिकटवतेस?" मागे त्याची बायको शाल घट्ट ओढून उभी होती.

"चुकलं हो, भाऊ. देते पक्कं करून." दर वेळचे हे शब्द शिंपिणीच्या ओठांवर आलेही होते. पण बाही हातात घेतली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. टाका न् टाका जागेवर होता. फाटलं होतं ते शिवणीशेजारचं कापड. तिनं कात्री टेबलावर आपटली.

"माझी शिवण कधीच उसवली नव्हती, भाऊ. दर वेळी कापड फाटत होतं, तुम्ही ओढल्यामुळं. वहिनींचा हात आत असताना."