जिवंत लेखकाचं पान

लंडनच्या कोर्टात तेव्हा प्रथा होती: कायद्यावरचा ग्रंथ लेखक वारल्यावरच प्रमाण मानायचा. जिवंत माणूस मत बदलू शकतो. विधवा मिसेस पेनरोजचं घर नवऱ्याच्या जामीनकीपायी बँक गिळणार होती. ते वाचवणारं एकमेव पान माझे गुरू बॅरिस्टर थ्रेल यांच्या ग्रंथात होतं. तिचा वकील म्हणून मी ते कोर्टात उघडताच न्यायमूर्तींनी विचारलं, “थ्रेलांची तब्येत कशी आहे?” “अखेरच्या घटका मोजताहेत, मिलॉर्ड.” “म्हणजे अजून आहेत. पुस्तक मिटा.” संध्याकाळी मी थ्रेलसाहेबांच्या अंथरुणाशी बसून हे सांगितलं. “निकाल कधी रे?” “गुरुवारी, सर.” “बघतो, तोवर जमतंय का.” बिचाऱ्यांनी मनापासून प्रयत्न केला. गुरुवारी मिसेस पेनरोजचं घर गेलं, साहेब शुक्रवारी गेले. पुढच्याच आठवड्यात त्याच न्यायमूर्तींनी ते पान आदरानं वाचून दुसऱ्या विधवेचं घर वाचवलं. त्या खटल्यात बँकेचा वकील मी होतो.