मागचे पाय

“सर, तुम्ही कधी खट्टू झाला आहात का?” मैत्रिणी म्हणाल्या होत्या, हिंमत असेल तर विचार, म्हणून मी भर वर्गात उभी राहून विचारलंच. फळ्यावर लिहिलं होतं, ‘खट्टू होणे : मनाविरुद्ध घडल्याने हिरमुसणे. वाक्यात उपयोग करा.’

सरांनी खडू खाली ठेवला. “कालच झालो. संमेलनाच्या नाटकात गाढवाचे मागचे पाय कोण होणार, असं विचारलं, तर अख्खा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागला!”

त्यात मीही होते. मला राणीची भूमिका मिळाली होती ना!

“आणि पुढचे पाय कोण, सर?”

“मीच,” सर पुटपुटले. “मुखवटा पण बनवलाय.” त्यांचा चेहरा इतका उतरला होता की माझा हात आपोआप वर गेला.

“वेडी झालीस?” मैत्रिणी कुजबुजल्या.

घरी आई राणीच्या शालूला पिना लावत होती आणि बाबा फोनवरून साऱ्या आत्यांना आमंत्रणं देत होते.

“आई, बाबा, ऐका! राणीला नुसतं सिंहासनावर बसायचंय, गाढवाला नाटकभर लाथा झाडायच्यात. मी राणीपद सोडलंय. आता मी सरांच्या मागे गाढवात शिरणार!”