थेंबाची परीक्षा
नक्कल यंत्राखाली ठेवली आणि हिरवा दिवा लागला.

हिरवा म्हणजे अस्सल. सुनेने केलेल्या नकली थेंबाला यंत्राने अस्सल ठरवलं होतं आणि सासऱ्यांच्या कारखान्यावर बसल्या जागी पाणी फिरलं होतं. कारखाना म्हणायचं आपलं, दोन खोल्या, एक भट्टी आणि वर्षानुवर्षं टिकून राहिलेले कामगार. दाराशी आलेलं हे नवं काम हातचं गेलं तर महिनाअखेरीला कुलूप लावायचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सासरे औषधाच्या बाटल्यांच्या झाकणांवर बसवायचे थेंब बनवत. पातळ रेझिनमध्ये काचेची बारीक पूड कालवायची, थेंब झाकणावर सोडायचा आणि भट्टीत सुकू द्यायचा. त्यावर लेझरचा किरण टाकला की तो काचेच्या कणाकणांवर आपटून विखुरतो आणि समोर उजेडाची ठिपक्याठिपक्यांची नक्षी उमटते. कण कुठे बसतील ते कुणाच्याच हातात नसतं, म्हणून एका थेंबाची नक्षी दुसऱ्याला येत नाही. ती यंत्रात साठवली की पुढे बाटली खरी की खोटी ते दिवाच सांगतो. माझाच थेंब मला पुन्हा करता येत नाही, असं सासरे मोठ्या ऐटीत सांगायचे.

बाजारात लहान मुलांच्या औषधाच्या नकली बाटल्या आल्या, तेव्हा एका औषध कंपनीने त्यांना बोलावलं. कंपनीच्या बाईंची अट एकच होती. आधी थेंबाची नक्कल करून बघायची, आणि ती कंपनीच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्यात तरबेज हातांनी. ते हात नेमके सासऱ्यांच्या सुनेचे निघाले. चोर पकडायचा तर चोराची वाट माहीत हवी, म्हणून नक्कल करणं हीच तिची नोकरी होती. घरचं माणूस नको, असं बाई म्हणाल्या, तर सासरेच अडून बसले. तिला जमलं नाही तर कुणालाच जमणार नाही, म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी सुनेला समोर बसवलं.

"हात राखून काम करायचं नाही. आणि निकाल लागेपर्यंत तुझ्या हातचा चहा बंद. चहा पाजून सासऱ्याने सून फितवली, असं कुणी म्हणायला नको."

तेव्हापासून ते आपला बिनसाखरेचा चहा आपणच उकळत आणि काढा घेतल्यासारखं तोंड करून पीत.

सुनेने हात राखला नाही. सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून, थरावर थर चढवत तिने तो थेंब उभा केला. दोन्ही झाकणं शेजारी ठेवली की तिचं तिलाच कळेना. मग तिने अस्सल झाकणाच्या खालच्या बाजूला निळ्या पेनाने एक ठिपका दिला. आज कारखान्यात सगळे जमल्यावर तिने टेबलावरच्या तबकातल्या दोन झाकणांपैकी पहिलं उलटून पाहिलं. खाली ठिपका नव्हता. म्हणजे ही नक्कल, म्हणून तिने ते यंत्राखाली सरकवलं. पुढचं सगळ्यांनी पाहिलंच.

"शाब्बास, पोरी," सासरे म्हणाले. मग ते हातातल्या स्पिरिटच्या फडक्याने टेबलाची काच पुसत बसले. काळजी वाटली की ते समोर येईल ते पुसत सुटत. सकाळपासून त्यांचं तेच चाललं होतं. सून रडायच्या बेताला आली. इतकं चांगलं काम तिने जन्मात केलं नव्हतं आणि इतकं वाईटही तिला कधी वाटलं नव्हतं.

बाईंनी कागद पुढे ओढला. आता अस्सल ठेवा, नोंद करून मोकळे होऊ, म्हणाल्या.

सुनेने दुसरं झाकण ठेवलं. लाल दिवा लागला.

आता यंत्रही बिघडलं, असं कामगारांपैकी कुणीतरी पुटपुटलं. सुनेने झाकण उलटून पाहिलं. निळा ठिपका नव्हता. पहिलं पुन्हा पाहिलं. त्याच्याखालीही नव्हता. दोन्ही झाकणं लख्ख होती.

"यातलं अस्सल कुठलं?" बाईंनी विचारलं.

सुनेने ती उजेडात धरली, तिरकी केली, भिंग लावलं.

"मला नाही सांगता येत," ती म्हणाली.

बाईंनी दोन्ही झाकणं स्वतःच्या हातात घेतली, पाठीमागे नेऊन अदलाबदल केली आणि एकेक यंत्राखाली ठेवली. एक हिरवा, एक लाल. पुन्हा केली. पुन्हा तसंच. अस्सल थेंबाची नक्षी त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतः यंत्रात साठवली होती, त्यामुळे शंकेला जागाच नव्हती. मघाशी हिरवा दिवा लागला तो अस्सल थेंबालाच. नक्कल करणारीचीच गफलत झाली होती, यंत्राची झाली नव्हती.

बाईंनी कागदावर सही केली. काम कारखान्याला मिळालं. सुनेला एकदम हलकं वाटलं. हरल्याचा एवढा आनंद तिला आजवर झाला नव्हता.

सासरे मात्र हातातलं फडकं हळूच खिशात कोंबत होते. त्यावरचा निळा डाग तिला दिसलाच.

"बाबा, आजपासून चहा मीच करणार," ती म्हणाली. "फक्त माझ्या कपांवरच्या खुणा पुसू नका. नाहीतर बिनसाखरेचा कुठला, तेही यंत्रालाच विचारावं लागेल."