स्वप्नाचा रकाना

"एकाहत्तर? कोण, मी?" निभाराणी कुंडू खुर्चीत ताठ झाल्या. "अगं पोरी, चौसष्ट लिही. उगाच म्हातारी करू नकोस मला."

टेबलामागची मौटुशी गोंधळली. हालदार डॉक्टरांच्या होमिओपॅथी दवाखान्यात तिचा हा पहिलाच आठवडा. कॉम्प्युटरमध्ये फोन नंबर टाकला की नाव, पत्ता, वय, तक्रारी, सगळे रकाने आपोआप भरतात, एवढंच तिला शिकवलं होतं. निभाराणींनी घरचा नंबर सांगितला, तिने टाकला आणि स्क्रीन फटाफट भरली. श्रीमती कुंडू, कालीतला गल्ली, चंदननगर. पत्त्यात तर काहीच चूक नव्हती.

"मासीमा, तुम्ही फाल्गुनात येऊन गेलायत. सगळं लिहिलंय इथं."

"मी? या दवाखान्यात मी आज पहिल्यांदा पाऊल टाकतेय."

मौटुशीने स्क्रीनकडे पाहिलं, मग मासीमांकडे. "तुमची तक्रार काय म्हणालात?"

"विसरायला होतं गं." निभाराणींनी आवाज खाली आणला. "किल्ल्या सापडत नाहीत. परवा डाळीला दोनदा फोडणी दिली."

"मग बघा! म्हणूनच आठवत नाही तुम्हाला," मौटुशी म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला.

बाकावर पेपर वाचत बसलेले हाजराबाबू खो खो हसले. निभाराणींना हसू आलं नाही. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग वार, मग लेकींची नावं. शेवटी शेवटी आई त्यांनाच विचारायची, 'तुम्ही कुणाच्या घरच्या?' आपण इथं येऊन गेलो आणि आपल्याला आठवत नाही, म्हणजे संपलंच की.

"वाच बरं," त्या म्हणाल्या. "काय काय सांगून गेलेय मी?"

"आंबट फार आवडतं."

"मला? कैरी नुसती पाहिली तरी माझे दात शिवशिवतात!"

"जिना चढताना डावा गुडघा दुखतो."

निभाराणींनी डावा गुडघा दाबून पाहिला. दुखत नव्हता. की दुखतो आणि आपण तेही विसरलो?

"मासीमा, जरा गुडघ्यालाच विचारा," हाजराबाबू पेपराआडून म्हणाले.

"तुम्ही तुमचं मूळव्याधीचं बघा!"

मौटुशीने सगळं पुसून नंबर पुन्हा टाकला. आंबट आलं, गुडघा आला, एकाहत्तरही आलं. "कितीही पुसलं तरी हेच येतंय मासीमा. मशीन कशाला खोटं बोलेल?" आतून डॉक्टरांची घंटा वाजली. डॉक्टर या नोंदींचा छापील कागद वाचायचे आणि त्यावरूनच गोळ्या द्यायचे, त्यामुळे मौटुशीला घाम फुटला. "आता एकच राहिलं, स्वप्नाचा रकाना. डॉक्टरबाबू स्वप्नंही विचारतात ना."

"वाच."

"गच्चीवर डाळीचे सांडगे वाळत घातलेत. आभाळ भरून येतं. एकटीला उचलवत नाहीत. निभाला हाका मारते, पण आवाज फुटत नाही." मौटुशी थांबली. "मासीमा, ही निभा कोण?"

सगळं चंदननगर निभाराणींना मासीमा नाहीतर काकीमा म्हणायचं. निभा म्हणणारं एकच माणूस उरलं होतं.

"मी," त्या म्हणाल्या.

"म्हणजे स्वप्नात तुम्ही स्वतःलाच हाका मारता?"

"गप गं. हे माझं नाहीच. माझ्या थोरल्या जावेचं आहे, दिदीचं. आमच्या घरात दोघींत मिळून फोन एकच, जिन्याखाली."

"अरे देवा! मग घरी एकदा विचारायचं ना त्यांना!"

"बोलत नाही आम्ही. पौषापासून. भिंतीपलीकडे राहते, पण बोलत नाही."

"का? काय झालं?"

निभाराणींनी पदराने उगाचच चष्मा पुसला. "गच्चीवर सांडगे आधी कुणी घालायचे, यावरून."

हाजराबाबूंनी पेपर खाली घेतला, पण या वेळी ते हसले नाहीत.

डोकं ठिकाणावर आहे म्हणून निभाराणींना आनंद व्हायला हवा होता, आणि तो झालाही, घडीभर. मग त्यांना जिन्यावरची दिदीची पावलं आठवली. रोज संध्याकाळी एक पाऊल जड पडायचं, एक हलकं. आपल्याला ऐकू यावं म्हणून ती मुद्दाम पाय आपटते, असं त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं होतं. तो गुडघा होता. त्यांना फार वाईट वाटलं.

घंटा पुन्हा वाजली. मौटुशीने घाईघाईने नवं पान उघडून नंबर टाकला. तिथंही सगळं दिदीचंच येऊन बसलं. आता मात्र ती हुशार झाली आणि एकेक रकाना बदलू लागली. "वय चौसष्ट. आंबट चालत नाही. गुडघा ठीक. विसरायला होतं." तिचं बोट शेवटच्या रकान्यावर आलं. "हे स्वप्न पुसते हं."

"ते नको पुसू."

"अहो, पण ते त्यांचं आहे ना?"

"असू दे." निभाराणी उठून टेबलाशी आल्या आणि स्क्रीनवर वाकल्या. "फक्त निभाच्या जागी दिदी लिही."