टाक्यांवर उडालेलं विमान

दिगंबररावांनी दोन वर्षं खपून बनवलेल्या रिमोटच्या विमानाच्या शेपटीची, त्याला वरखाली वळवणारी पट्टी लोंबत होती. बिजागऱ्या तुटल्या होत्या आणि तशा आता मिळत नव्हत्या.

"द्या इकडे," शिवणयंत्रावरून उठत त्यांची बायको कुमुद म्हणाली. तिने लाकडाला बारीक भोकं पाडली आणि एक टाका वरून, एक खालून घेत पट्टी जाड दोऱ्याने शेपटीला शिवली. पट्टी अलगद वरखाली हलू लागली.

सकाळी माळावर विमान सुटलं. टाके तुटले तर ते दगडासारखं कोसळणार होतं. पण ते चढलं, उन्हात झळकलं, कोलांटी मारून सरळ झालं.

"तुझ्या टाक्यांवर चाललंय," दिगंबरराव हळूच म्हणाले.

आभाळात जाणारं असं काही कुमुदने कधी शिवलं नव्हतं. ती बराच वेळ मान वर करून बघत राहिली.

"अजून वर न्या," ती म्हणाली.