चवीचा पाव

दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून बेकरीवाला आतल्या टेबलाशी येऊन बसला. समोर पहाटेच्या भट्टीतला एक पाव होता, शेजारी सुरी. बायको हात पुसत आली आणि समोरच्या स्टुलावर बसली. तिनं त्याची बाही कोपराच्या वर सारली, चष्मा लावला आणि कोपर उजेडाकडे वळवून नीट निरखलं.

"आधीचं बघून ठेवते," ती म्हणाली. "मागाहून वाद नको."

कोपर बरं दिसत होतं. सोरायसिसचे लाल, खवलेदार चट्टे जाऊन तिथं फिकट खुणा उरल्या होत्या. बोटांवरचेही ओसरले होते. 'तुम्ही नको, वहिनींना द्यायला सांगा' म्हणणारी गिऱ्हाइकं आता त्याच्या हातून पाव घेऊ लागली होती. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे सांगून सांगून बेकरीवाल्याच्या तोंडाला फेस आला होता. तेव्हा कुणी ऐकलं नाही, आणि आता सांगायची गरज उरली नव्हती.

चट्टे गेले कशानं, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी मलम बदललं आणि त्याच आठवड्यात बायकोनं त्याचा गहू बंद केला. बायको सगळं श्रेय गव्हाला देत होती. डॉक्टरीणबाई कुणालाच देत नव्हत्या.

"काहींना गहू सोडून फरक पडतो, पुष्कळांना पडत नाही," त्या काल म्हणाल्या होत्या. "मलम चालू ठेवा आणि आता पुन्हा पाव खाऊन बघा. चट्टे उठले तर गव्हाचं काय करायचं ते बघू. नाही उठले, तर उगाच मन मारून कशाला राहायचं?"

बोलायला सोपं होतं. या दुकानात प्रत्येक भट्टीतला एक पाव बाजूला निघायचा. त्याला चवीचा पाव म्हणत. बेकरीवाला तो मोडायचा, वास घ्यायचा, एक तुकडा सावकाश चघळायचा आणि मान हलवायचा. मगच बाकीचे पाव बाहेर मांडले जायचे. त्याचे वडीलही असंच करायचे. गहू बंद झाल्यापासून हे काम बायकोकडे गेलं होतं, कारण त्याला नुसतं जिभेला लावायचीही तिनं बंदी केली होती. तिला पाव म्हणजे पाव. ती रोज तुकडा तोंडात टाकायची आणि म्हणायची, "छान झालाय."

परवाही छानच झाला होता. तासाभरानं शेजारचे मास्तर अर्धा खाल्लेला पाव घेऊन दारात उभे.

"काय हो, पथ्य तुमचं आणि शिक्षा आम्हाला?"

त्या भट्टीत मीठच पडलं नव्हतं. मास्तर हसत हसत गेले. बेकरीवाल्यानं बायकोकडे पाहिलं.

"तुला कळलं नाही?"

"कळलं ना. म्हटलं, तुम्ही केलंय म्हणजे मुद्दाम केलं असेल."

आता यावर भांडायचं तरी काय? त्यानं उरलेले पाव आत घेतले. इतक्या वर्षांत त्याला एवढी लाज कधी वाटली नव्हती. त्या दिवशी तो जेवलाही नाही.

आणि आज हा पाव त्याच्यासमोर होता. त्यानं सुरी बाजूला सारली आणि पाव हातानंच मोडला. एक तुकडा नाकाशी धरला, डोळे मिटले.

"खा की," बायको म्हणाली.

तुकडा ओठांपर्यंत गेला आणि तिथंच थांबला.

"आणि उठले तर?"

"उठले तर सोडायचा. चवीला कुणीतरी माणूस ठेवू."

"दुसऱ्याच्या जिभेवर भट्टी चालवू?"

"माझ्या चालवलीतच की."

"तेच म्हणतोय."

बायको हसली. तो हसला नाही. त्याला भीती वाटत होती, सरळ सरळ भीती. आजवर पाव बंद होता तो डॉक्टरीणबाईंच्या भाषेत 'करून बघण्यापुरता'. आज ना उद्या हे संपेल, या आशेवर त्यानं दिवस काढले होते. आता खाल्लं की थोड्या दिवसांत कोपर काय ते सांगणार होतं. डॉक्टरांशी हुज्जत घालता येते, बायकोशीही येते. कोपराशी कोण घालणार?

हे सगळं तो बोलला नाही, पण बायकोला दिसत होतं. गहू बंद केला तेव्हा कसंही करून चट्टे जावेत, एवढंच तिच्या डोक्यात होतं. ते गेल्यावर हा माणूस आपल्याच पावापुढे असा बसेल, हे तिच्या मनातही आलं नव्हतं. तिला त्याची फार दया आली.

तुकडा खाली आला.

"अजून गरम आहे," तो म्हणाला. "गरम पाव पोटाला चांगला नाही. जरा निवू दे."

पाव पहाटे भट्टीतून निघालेला, केव्हाच गार झालेला. बायकोनं चष्मा काढला. त्याची बाही हळूच खाली ओढली, मनगटाचं बटण लावलं आणि मोडलेल्या पावावर तळवा टेकवला.

"खरंच की," ती म्हणाली. "चटका बसतोय हाताला."