डीकन कोण?

नाम्पुलुस तुरुंगाच्या दारापाशी पोचला, तेव्हा आतून इयादेर बाहेर येत होता. एकटाच, मोकळ्या हातांनी.

नाम्पुलुसने डोक्यावरची पावांची टोपली खाली ठेवली. ख्रिस्ती मंडळीचा डीकन होता तो. कैदेतल्यांना खाऊ घालायचं, बाहेरच्या विधवांना जगवायचं, हे त्याचं काम. आज दुपारी आतले सगळे ख्रिस्ती रिंगणात जायचे होते, श्वापदांपुढे. कार्थेजचे रस्ते सकाळपासूनच गर्दीने फुलले होते.

"तुला सोडलं?"

"धूप टाकला मी. सम्राटाच्या मूर्तीपुढे. ख्रिस्ताला नाकारलं." इयादेरची मान वर होईना. "आमच्या कोठडीतली गुदुदियाआजी बघत होती. एक शब्द बोलली नाही रे. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं."

नाम्पुलुसच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पण इयादेरचे ओठ पांढरेफटक पडले होते. त्याने टोपलीतला एक पाव काढून पुढे केला. "खा आधी."

इयादेरने हात लावला नाही.

तेवढ्यात फरशीवर खिळ्यांच्या वहाणा खणखणल्या. सुभेदाराचे शिपाई, सगळे नवे चेहरे. "ख्रिस्त्यांचा डीकन कोण रे? रोज पाव घेऊन येतो म्हणे! त्यालाही आजच्या खेळात घालायचाय."

नाम्पुलुस पुढे होणार, इतक्यात इयादेरने झडप घालून टोपली उचलली आणि डोक्यावर घेतली.

"मीच तो!"

नाम्पुलुसने तोंड उघडलं. इयादेरने त्याच्या पायावर कचकन पाय दिला.

"गप. म्हाताऱ्या विधवा उपाशी बसल्यात, त्यांच्याकडे जा," तो दातांतल्या दातांत म्हणाला. "आणि माझा धीर पुन्हा सुटायच्या आत मला जाऊ दे."

शिपायाने दारावरचा पहारेकरी फ्रोंतो याला विचारलं, "हाच का?"

फ्रोंतो दोघांनाही ओळखून होता. इयादेरच्या बेड्या आत्ताच त्याने स्वतःच्या हातांनी काढल्या होत्या. त्याने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. मग दाढी खाजवत म्हणाला, "दुसरा कोण असणार? रोजचं थोबाड आहे हे. घ्या आत."

इयादेर चालत नव्हता, जवळजवळ धावत होता. शिपायांनाच त्याच्यामागे पाय उचलावे लागले. दार धाडकन लागलं.

नाम्पुलुस निघाला. उरलेला एक पाव त्याने छातीशी घट्ट धरला होता, डोळ्यांपुढचा रस्ता धूसर झाला होता. चार पावलं गेला नसेल, तोच आतून असा जल्लोष उठला की फ्रोंतोचा हात तलवारीकडे गेला. त्या गलबल्यातून गुदुदियाआजीचा आवाज खणखणत बाहेर आला:

"कुठं उलथला होतास रे मेल्या? आण ते पाव इकडे, भूक लागलीय!"